गाळून घेतलेलं पाणी

हॅनाज स्प्रिंगला मी दोनदा गेले. पहिल्यांदा २००४च्या एप्रिलमध्ये पाण्याचे नमुने घ्यायला, आणि दुसऱ्यांदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काही जुने फोटो परत करायला. दुसऱ्या वेळी सासूबाई बरोबर होत्या. त्या नसत्या तर मी फोटो दिले असते, आभार मानले असते आणि अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागले असते.

हा झरा नेवाडाच्या वाळवंटात आहे. आम्ही राहायचो त्या रीनोपासून साडेपाच तास, त्यातला शेवटचा सव्वा तास कच्च्या रस्त्याचा. मी एका छोट्या सल्लागार कंपनीत भूजलाचं काम करत होते. सोन्याचे भाव पुन्हा चढायला लागले होते आणि एका खाणकंपनीला तिथली जुनी खाण उघडायची होती. परवानगीच्या अर्जाला जोडायचा अहवाल आमच्याकडे आला. त्यातली दोन प्रकरणं माझ्याकडे होती, पाणी आणि खाणीचा इतिहास. इतिहास हे खरं तर माझं काम नव्हे. पण तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि डग, म्हणजे माझा वरिष्ठ, म्हणाला, "तू नीट वाचतेस. तूच लिही."

मला तो लिहायला फार आवडला. १८९६ साली दोन भावांना झऱ्याच्या वरच्या घळीत सोन्याची शीर सापडली. त्या भागात सोनं पुष्कळ ठिकाणी होतं, पाणी कुठेच नव्हतं. इथे दोन्ही शंभर पावलांच्या आत होतं. त्याआधी हा झरा शोशोनी लोकांचा होता. त्यांच्याबद्दल मी एकच वाक्य लिहिलं, कारण कंपन्यांच्या कागदांत तेवढंच सापडलं. मग दगड कुटायची गिरणी आली, दहा लोखंडी मुसळांची. कुटलेला दगड पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचे, सोनं पाऱ्याला चिकटायचं, उरलेला पिठासारखा चुरा झऱ्याच्या खालच्या अंगाला साठत जायचा. १९०७ला गिरणी बंद पडली. १९३४ला सरकारने सोन्याचा भाव वाढवला तेव्हा दुसरे लोक आले आणि त्यांनी तोच चुरा उकरून भट्टीत भाजला, मग सायनाइडच्या हौदांत भिजवून राहिलेलं सोनं काढलं. १९४२मध्ये युद्धामुळे सोन्याच्या खाणी बंद करायचा हुकूम निघाला आणि सगळे गेले.

यातलं निम्मं मला व्हर्नाने सांगितलं. व्हर्ना अडुसष्ट वर्षांची होती. तिचे वडील त्या हौदांवर मुकादम होते आणि ती तिथेच जन्मली होती. नवरा गेल्यावर १९८९ साली ती परत आली आणि झऱ्यापासून साठ मीटरवर ट्रेलर लावून राहिली. जुन्या मालकांनी तिला राखणदार म्हणून ठेवलं होतं. राखण्यासारखं काही नव्हतं. झऱ्याला जिचं नाव पडलं ती हॅना गिरणीतल्या माणसांसाठी पाव भाजणारी बाई होती, हे कुठल्याही कागदात नाही, ते व्हर्नाच्या आईने व्हर्नाला सांगितलेलं. ते मी अहवालात घेतलं आणि तळटीपेत व्हर्नाचं नाव घातलं.

एप्रिलमध्ये मी झऱ्याच्या कुंडीवर वाकून काम करत होते तेव्हा ती शेजारी खुर्ची टाकून बसली होती. धातू तपासायचे तर प्रत्येक जागेच्या दोन बाटल्या भरतात. एकीत पाणी जसं आहे तसं. दुसरीत बारीक गाळणीतून दाबून काढलेलं, म्हणजे त्यात फक्त विरघळलेलं तेवढंच उरतं. तिने मला ग्लासभर पाणी आणून दिलं. मी माझी बाटली दाखवली. नमुने घेताना तिथलं काही खायचं-प्यायचं नाही, असा आमचा नियम असतो.

"पाणी कसं आहे माझं?" तिने विचारलं.

"रिपोर्ट आला की कळवते."

मग अहवालासाठी तिने जुन्या फोटोंचा बुटाचा डबा आणला. डबा पुढे करताना तिचे तळहात वर आले. दोन्ही तळव्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे कठीण, पिवळट ठिपके होते.

असे हात मी आधी पाहिले होते. खरगपूरला एम.एस्सी. करताना आम्हाला बंगालमधल्या चोवीस परगणा जिल्ह्यात, जिथे विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक असतं तिथे नेलं होतं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की गावात शिरल्यावर आधी माणसांचे हात बघा, मग विहिरी मोजा. मी व्हर्नाचे हात पाहिले, मग फोटो पाहू लागले. बाई पाने-पक्कड चालवते, घट्टे असतील, असं मनाला सांगितलं. घट्टे असे नसतात हे मला माहीत होतं.

मे महिन्याच्या अकरा तारखेला प्रयोगशाळेचे आकडे आले. आर्सेनिक, गाळलेल्या पाण्यात लिटरला नऊ मायक्रोग्रॅम. न गाळलेल्या पाण्यात एकशे चाळीस. पिण्याच्या पाण्याची मर्यादा तेव्हा पन्नास होती, आणि २००६पासून ती दहा होणार हे जाहीर झालं होतं. यात गूढ काही नाही. भाजलेल्या चुऱ्यातलं आर्सेनिक गंजाच्या बारीक कणांना धरून असतं. ते कण पाण्यात तरंगतात; ग्लासात ते दिसतही नाहीत. गाळणी त्यांना अडवते. माणसाच्या घशात गाळणी नसते.

अर्जाच्या तक्त्यात विरघळलेल्या धातूंचा रकाना होता. मी नऊ लिहिलं. एकशे चाळीस परिशिष्टात गेलं, पान दोनशे अकरा. मी डगला दाखवलं. त्याने चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाला, "फॉर्म विरघळलेलं मागतोय ना? मग झालं." तो काही दडपण आणत नव्हता. मी आणखी एक वाक्य बोलले असते तर त्याने ते ऐकलं असतं, असंच मला आजही वाटतं. मी ते बोलले नाही. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्या महिन्यात कंपनीच्या वकिलाकडे होते. निमिषची, माझ्या नवऱ्याची, क्युपर्टिनोतली नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि तो माझ्या व्हिसावर घरी बसून होता. मी नवी अडचण उभी करणारी बाई व्हायला तयार नव्हते. कुणी धमकावलं असतं तर निदान धमकीचं कारण तरी सांगता आलं असतं.

जूनमध्ये व्हर्नाचं कार्ड आलं. तिच्याकडे फोन नव्हता. 'पाण्याचं काय झालं?' एवढंच विचारलं होतं. मी कंपनीच्या कागदावर उत्तर लिहिलं: 'आपल्या झऱ्याच्या पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक लिटरला नऊ मायक्रोग्रॅम आढळलं. सध्याची मर्यादा पन्नास आहे.' त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. 'विरघळलेलं' याचा अर्थ तिला कळणार नाही हेही मला माहीत होतं. तरी तो शब्द मी ठेवला. पुढे कुणी विचारलंच तर बोट ठेवून दाखवता यावा, म्हणून.

सप्टेंबरमध्ये सासूबाई नागपूरहून आल्या. त्यांचं नाव शोभा. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अपार्टमेंटमध्ये त्या चौथ्या दिवशी कंटाळल्या. मी फोटो द्यायला निघाले तर म्हणाल्या, "मीही येते. इथे भिंतींशी किती बोलू? आणि निमिष तर त्या कॉम्प्युटरमध्येच तोंड घालून बसला आहे."

"आई, लांब आहे. वाटेत काही नाही."

"काही नाही तेच बघायचंय. पुस्तकात दाखवून दाखवून मुलांना शिकवलं मी, खाऱ्या तळ्यांचा प्रदेश. एकदा डोळ्यांनी बघू दे."

वाटेत त्यांनी तिळाच्या वड्या काढल्या, खाऱ्या सपाट जमिनी बघितल्या आणि तीनदा गाडी थांबवायला लावली. कच्च्या रस्त्यावर डोकं छताला आपटलं तेव्हा म्हणाल्या, "बाई गं! सोन्यासाठी माणसं इथवर आली? पायी?"

"खेचरं घेऊन."

"खेचरांना तरी विचारायचं होतं. आता नागपूरच्या मे महिन्याला मी नावं नाही ठेवणार." मग थोड्या वेळाने, "त्या बाईला मूलबाळ?"

"नाही."

"आणि एकटी राहून राहिली? तिला एक वडीचा डबा देऊन टाकू."

व्हर्ना ट्रेलरच्या पायरीवर उभी होती. सासूबाईंनी हात जोडले, तिने टोपी काढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासूबाईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या चार वाक्यांपुरतं. पण पाच मिनिटांत त्या दोघी छपराखाली लाकडी बाकावर बसून फोटो बघत होत्या, आणि सासूबाई फोटोतल्या माणसांवर बोट ठेवून "फादर? युवर फादर?" असं विचारत होत्या. हौदांसमोर उभे असलेले आठ पुरुष. तिसरे तिचे वडील.

"आपल्या पोलीस पाटलासारख्या मिशा आहेत," सासूबाई मला म्हणाल्या. "सांग तिला."

मी सांगितलं. व्हर्ना मोठ्याने हसली. मग ती आत गेली आणि ट्रेमध्ये पाण्याचा काचेचा जग आणि दोन ग्लास घेऊन आली, एक माझ्यासाठी. मी माझी बाटली मांडीवर घेतली होती. तिने माझा ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला.

सासूबाईंनी ग्लास घेतला. घरी आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी देतात आणि दिलेलं पाणी नाकारत नाहीत. त्यांच्या अंगात हे इतकं मुरलेलं आहे की त्यावर विचारही होत नाही. त्यांनी मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून धार घेत सगळा ग्लास संपवला. व्हर्ना बघतच राहिली. "एक थेंब सांडला नाही!" ती म्हणाली.

"काय गोड पाणी आहे गं," सासूबाई मला म्हणाल्या. "आपल्या रामटेकच्या विहिरीसारखं. आणखी घेते. आणि गाडीतली रिकामी बाटली दे, वाटेत प्यायला भरून घेऊ."

व्हर्नाने दुसरा ग्लास भरून पुढे केला.

एका ग्लासात साधारण पस्तीस मायक्रोग्रॅम. दोन ग्लासांनी, दहा ग्लासांनीही, पाहुणीला काहीही होत नाही. ते विष वर्षांच्या हिशेबाने चढतं. मला हे कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. तरी माझा हात पुढे गेला, मी ग्लास त्यांच्या हातातून ओढला आणि ओरडले, "आई, नका पिऊ ते!"

पाणी बाकावर सांडलं, फोटोंच्या कडेपर्यंत आलं. सासूबाईंनी पटकन पदराने फोटो टिपले.

"तिला काय सांगितलंस तू?" व्हर्नाने विचारलं.

"त्यांचं... त्यांचं पोट नाजूक आहे. नवं पाणी सोसत नाही."

'स्टमक' एवढा शब्द सासूबाईंना कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे, आणि पोटावर हात ठेवून स्वच्छ, एकेक शब्द उच्चारत म्हणाल्या, "माय स्टमक इज व्हेरी गुड." आणि मग मला, "माझ्या पोटाला काय झालं? खोटं का बोलतेस? त्या बाईच्या पाण्यात काय आहे?"

पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला खोटं बोलणारं तोंड ओळखायला भाषांतर लागत नाही. व्हर्नालाही लागलं नाही.

"तू एप्रिलमध्येही प्यायली नव्हतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, शहरातली मुलगी, किळस वाटत असेल. नऊ लिहिलं होतंस ना तू मला?"

"गाळलेल्या पाण्यात नऊ."

"मी गाळते का?"

"नाही."

"मग माझं किती?"

"एकशे चाळीस."

ती बाकाच्या काठाला धरून बसली. मी सांगायला लागले, चुरा, गंजाचे कण, गाळणी, तक्त्यातले रकाने. माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं. ते अहवालाच्या भाषेत होतं आणि फार सुसंगत होतं. तिने मधेच हात वर केला.

"कधी कळलं तुला?"

"मे महिन्यात. अकरा तारखेला."

ती बोटांवर मोजू लागली. मे, जून, जुलै, ऑगस्ट. मोजता मोजता थांबली आणि स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले, उताणे. "आणि हे? डॉक्टर म्हणाला वयाने होतं."

"वयाने नाही."

"हे कधी कळलं तुला?"

मला 'आत्ता' म्हणता आलं असतं. तिला पडताळून बघता आलं नसतं. "एप्रिलमध्ये," मी म्हणाले. "तुम्ही डबा दिलात तेव्हा."

पदराचा ओला कोपरा सासूबाईंच्या मुठीत होता. त्यांना शब्द कळत नव्हते, पण महिन्यांची नावं कळत होती, आणि पुढे केलेले हात दिसत होते.

"भट्टी माझ्या वडिलांनी बांधली," व्हर्ना म्हणाली. ती हे मला सांगत नव्हती. "तो चुरा त्यांचाच." मग तिने विचारलं, "आता काय करायचं मी?"

निदान याचं उत्तर मला येत होतं. हे पाणी प्यायचं नाही, रांधायलाही वापरायचं नाही, आंघोळीला चालेल. बाहेरून पाणी आणायचं. उकळून उपयोग नाही. हाताच्या ठिपक्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरकडे, लगेच, आणि त्याला आर्सेनिक हा शब्द सांगायचा. मी ते सगळं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. एकशे चाळीसही लिहिलं आणि खाली सही केली. गाडीत आमचे दोन कॅन होते, ते तिच्या पायरीवर ठेवले. हे करताना मला बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा आणखी लाज वाटली.

ज्याला मी भीत होते त्यातलं पुढे काहीच घडलं नाही. सोमवारी मी डगच्या टेबलासमोर उभी राहिले आणि एकशे चाळीसचा आकडा मुख्य तक्त्यात हलवते म्हणाले. तो म्हणाला, "हलव की. मेमध्येच का नाही हलवलास?" जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला मी कळवलं, त्यांनी कुंडीवर पाटी लावली. खाणकंपनी दुसऱ्याच कारणाने वर्षभरात निघून गेली. २००७ला माझं ग्रीन कार्ड आलं, कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी चार महिने ज्या किमतीच्या धास्तीने गप्प राहिले, ती किंमत कुणी मागितलीच नव्हती.

पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. पानावर सही करून मी वही बंद केली तेव्हा निघायची वेळ झाली असं मी धरलं होतं. व्हर्ना उठली, टोपी घातली.

"चल."

"कुठे?"

"अर्लकडे. वरच्या घळीत राहतो. अकरा वर्षं माझ्याकडून पिंपं भरून नेतोय. मीच म्हटलं होतं त्याला, शहरातून कशाला आणतोस, माझं पाणी चांगलं आहे. तुझं पत्र आलं तेव्हा ते घेऊन मी त्याच्याकडे चालत गेले. वाचून दाखवलं." ती पायरी उतरली. "आता तू सांग. मी नाही सांगणार."

"मी पत्र लिहून—"

"पत्र नको."

आम्ही तिघी चालत निघालो. वाट चुऱ्याच्या ढिगाच्या कडेने जाते. पिवळा, मऊ, पायाखाली आवाज न करणारा चुरा. सासूबाईंच्या चपलेत तो जात होता. त्यांनी मला काही विचारलं नाही, म्हणून मीच मराठीत सांगितलं, तीन-चार वाक्यांत. त्या ऐकत चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "निमिषला माहीत होतं?"

"नाही."

"मग निदान तो तरी..." आणि वाक्य सोडून दिलं.

अर्लचं घर म्हणजे दगडी खोली आणि पत्र्याचं छप्पर. तो अंगणात मोटारीचा जुना पंप उघडून बसला होता. व्हर्नाएवढाच, उंच, वाकलेला. आम्हाला बघून उठला, सासूबाईंच्या साडीकडे बघून त्याने मान लववली. दाराशी निळी प्लॅस्टिकची पिंपं ओळीने होती, पाच.

"ही पाणी तपासणारी," व्हर्ना म्हणाली आणि बाजूला झाली.

मी सांगायला सुरुवात केली. त्याने हात कानामागे नेला. "चाळीस वर्षं खाणीत ड्रिल चालवलं त्याने," व्हर्ना म्हणाली. "मोठ्याने बोल."

मी हळू बोलणारी बाई आहे. निमिष मला नेहमी चिडवतो की तुझं बोलणं ऐकायला समोरच्याने श्वास रोखून धरायला लागतो. मी आवाज चढवला. "तुमच्या पाण्यात आर्सेनिक आहे."

"काय आहे?"

"आर्सेनिक! पिऊ नका!"

त्याने पिंपांकडे पाहिलं, व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना जमिनीकडे बघत होती. "पत्रात चांगलं आहे म्हणून लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याला वाटत होतं मला माहीत नसेल. "एका बाईने तपासून लिहिलं होतं. नऊ. मर्यादा पन्नास."

"ती बाई मीच."

"अं?"

"ते पत्र मी लिहिलं होतं!" मी ओरडले. घळीच्या दोन्ही कडा जवळ होत्या आणि आवाज माझ्याकडेच परत येत होता. "मला माहीत होतं! मे महिन्यापासून माहीत होतं!"

तो कानामागे हात तसाच धरून माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग सावकाश एक पाऊल जवळ आला, डोकं वाकवलं, चांगला कान माझ्या तोंडासमोर आणला आणि म्हणाला, "परत सांग. मला नीट कळलं नाही असं वाटतंय."

मी परत सांगितलं.